रेडिएटर बदलताना अडतं ते ऑइल कूलरच्या गंजलेल्या नटापाशी

आज पिकाचं लिहीत नाही, ट्रॅक्टरचं लिहितोय. पण आडसालीच्या तोंडावर ट्रॅक्टर उभा राहिला की तेही पिकाचंच होतंय.

माझा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर चौदा वर्षांचा झाला. जुलैत रेडिएटर गळायला लागला. दोनदा डाख देऊन आणला. तिसऱ्यांदा कारागीर म्हणाला, आतल्या नळ्याच कुजल्यात, नवा बसवा. इकडं बेणं सांगून ठेवलेलं, दोन एकराच्या सऱ्या सोडायच्या राहिलेल्या आणि पावसानं चार दिवस उघडीप दिलेली. आडसालीची लागण 15 जुलै ते 15 ऑगस्ट या महिन्यात उरकलेली बरी, हे तुम्हाला सांगायला नको.

नुसता रेडिएटर बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. पाणी सोडा, वरचा-खालचा होज काढा, पंख्याचं कव्हर सोडवा, बोल्ट काढा, झालं. पण ज्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि पॉवर स्टिअरिंग यांना एकच ऑइल असतं, त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरला रेडिएटरच्या पुढं ऑइल कूलरची छोटी जाळी असते. गरम ऑइल एका लोखंडी पाइपनं तिथं येतं, दुसऱ्या पाइपनं परत जातं. माझ्या ट्रॅक्टरला त्या दोन पाइपचे नट सुटल्याशिवाय रेडिएटर बाहेर निघत नाही. आणि ते नट चौदा वर्षांत कुणी हलवलेले नव्हते.

तिथं गंज का चढतो ते बघा. पुढच्या जाळीत भुसकट, पाचट, चिखल अडकतो आणि ओल धरून ठेवतो. त्यात आपण ट्रॅक्टर लावतो त्याच शेडमध्ये खताची पोती. पालाशाचं खत म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, त्यात क्लोराइड असतं. त्याची धूळ दमट हवेत लोखंडावर बसली की मीठ लावल्यासारखंच झालं. आपण उसावरचा तांबेरा बघून लगेच सहायक कृषी अधिकाऱ्याला फोन लावतो, बॉनेटखालचा तांबेरा मात्र कुणी बघत नाही.

मिस्त्री आले, नट बघितला आणि म्हणाले, "अण्णा, पान्याला पाइप घालून एक हिसका देतो, सुटतंय."

मी म्हटलं, "थांबा की मिस्त्री. नट सुटला तर बरंच, पण पाइप पिळला तर? नवीन पाइप यायला आठ दिवस म्हणतात. माझी उघडीप चार दिवसांची आहे."

नट दोन जागी धरलेला असतो. एक आट्यांत, आणि दुसरा पाइपवर, कारण पाइप नटातून आरपार जातो आणि तिथंही गंज भरतो. आटे सुटले पण नट पाइपला चिकटलेला असला, तर नटाबरोबर पाइपही फिरतो आणि दोरीसारखा पिळतो. म्हणून पाना लावायच्या आधी नट आणि पाइप दोन्हींवरून खडूची एक सरळ रेघ मारली. नट फिरताना पाइपवरची रेघ हलली की हात थांबवायचा.

संध्याकाळी तारेच्या ब्रशनं दोन्ही नट घासून गंज सोडवायचा स्प्रे मारला. आट्यांवर सगळेच मारतात, नटाच्या मागच्या बाजूला पाइपच्या कडेनंही मारायचा. रात्री जेवल्यावर परत एकदा, पहाटे परत एकदा. डिझेलनंही काम होतं, पण ते आत जायला वेळ घेतं. सकाळी नटाच्या एका अंगाला जड हातोडा टेकवून धरला आणि समोरच्या अंगावर लहान हातोडीनं टकटक ठोकलं. जोरात नाही. त्या हादऱ्यानं गंज तडकतो.

फिक्स पाना दोनच कडा धरतो, त्यानं कोपरे गोल होतात. ब्रेक पाइपसाठी गॅरेजवाल्यांकडं खाच पाडलेला रिंग पाना असतो, पाइप त्या खाचेतून आत जातो. तो मागून आणला. आणि दुसरा पाना कूलरच्या बाजूच्या षटकोनावर आधाराला. हा आधार नसला तर सगळा जोर कूलरच्या नाजूक मानेवर येतो आणि ती तुटते. पहिला नट पाव आटा मागं, परत थोडा पुढं, परत मागं असं करत वीस मिनिटांत सुटला. रेघ जागेवर राहिली.

दुसरा ऐकेना. पाइपवरची रेघ हलायला लागली आणि नटाचे कोपरेही घसरायला लागले. मिस्त्रींनी गॅसचा विषय काढला. मी नाहीच म्हटलं. कूलर ॲल्युमिनियमचा, शेजारी रबरी होज, आत ऑइल, वरून सगळीकडं स्प्रे मारलेला. तिथं ज्योत न्यायची नाही. त्यापेक्षा पाइपच नटाच्या मागं हॅक्सॉनं कापला. आता नट उघडा पडला, त्यावर सहा कोनी सॉकेट पूर्ण बसला आणि आधाराचा पाना धरून एका दमात सुटला. कूलर वाचला. पाइप गेला, पण तो पिळून जाण्यापेक्षा ठरवून कापलेला बरा, कारण दोन्ही टोकं नमुन्याला शाबूत राहिली.

ती टोकं घेऊन एमआयडीसीतल्या होजवाल्याकडं गेलो. त्यानं गरम ऑइलला चालणारा होज दोन्हीकडं तशीच टोकं क्रिम्प करून दुपारपर्यंत दिला. इथं पाण्याचा होज आणि क्लिप लावून वेळ मारून नेऊ नका. पाण्याचा होज ऑइलनं फुगतो, गुळगुळीत पाइपवरून क्लिप सरकते, आणि रानात तो निसटला तर गिअरबॉक्सचं ऑइल सरीत जातं. मग खर्च रेडिएटरचा राहत नाही.

उघड्या तोंडांना स्वच्छ फडक्याचे बोळे लावले होते. बसवताना ओ-रिंग नवी, आट्यांना थोडं ग्रीस, आणि पहिले तीन-चार आटे नुसत्या बोटांनी. टेफलॉन टेप लावला नाही. हा जोड रिंगवर बसतो, आट्यांवर नाही, आणि टेपचे तुकडे ऑइलमध्ये फिरत राहतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी न घालता तयार कूलंट घातलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, जुन्याच्या नळ्या आतून क्षारानं भरलेल्या दिसल्या.

दहा मिनिटं रिकामा चालवून दोन्ही जोड कोरड्या कागदानं पुसून बघितले, मग बंद करून ऑइलची पातळी बघितली. पाइपात ऑइल भरल्यानं ती उतरलेली होती, तेवढं घातलं. चौथ्या दिवशी सऱ्या सुटल्या, पाचव्या दिवशी पाऊस आला.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर भंगारवाल्याला लोखंडाच्या भावात देऊ नका. आधी कानशीनं कोपरा घासून रंग बघा.