आई आणि दाभोलकर

ऑगस्टात आमच्या भांडुपात बोलायचे विषय दोनच, पाऊस आणि गणपतीला गावी जायचं तिकीट. त्यात २० ऑगस्ट कुणाच्या लक्षात राहणार? २०१३ साली त्या दिवशी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला.

आमच्या घरात त्यांची ओळख एवढीच, 'तो देव न मानणारा'. खरं तर साताऱ्याचा हा डॉक्टर, एकेकाळचा नावाजलेला कबड्डीपटू, स्वतः नास्तिक असूनही देव मानणाऱ्याशी भांडत बसला नाही. १९८९ साली त्यांनी सुरू केलेल्या समितीची भूमिका सरळ होती... विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला. धर्माची चिकित्सा मात्र करणारच. माझ्या एका कडक नास्तिक मित्राला हा पळपुटेपणा वाटतो. मला नाही वाटत. त्या मित्राचं बोलणं आईने दोन मिनिटंही ऐकून घेतलं नसतं.

दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी इतकी वर्षं चपला झिजवल्या, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत निघाला (असो!) आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. आईला वाटत होतं, आता भजन-आरतीवरही बंदी येणार. म्हणून मी तिला तो वाचूनच दाखवला. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही, हे ऐकून ती निवांत झाली, भाजी निवडायला लागली. मग अनुसूची आली. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा.

आईचा हात थांबला. "ता परत वाच."

परत वाचलं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला अजून एक मामा होता. अकरा वर्षांचा. कणकवलीकडे भाताच्या मळ्यात पान लागलं, आणि रात्रभर त्याला मांत्रिकाच्या अंगणात बसवून ठेवलं. एवढंच सांगितलं तिने. मीही पुढे विचारलं नाही.

देवपूजा तिची आजही चालू आहे. दाभोलकरांना मात्र ती आता 'डॉक्टर' म्हणते.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. टीव्हीवर बातमी चालू होती. आई म्हणाली, "आणि तेंका धाडणारो? तो गावलो?"

"नाही गं," मी म्हटलं.