मेजर, एक बाटली मिळेल का?

आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. तो शिपाई म्हणून घरी आलेला असो की सुभेदार म्हणून, गाव त्याला एकच हुद्दा देते. माझे मोठे मामू नाईक म्हणून निवृत्त झाले. सैन्याच्या सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. 17 वर्षे त्यांनी लेहच्या रस्त्यापासून सिलिगुडीपर्यंत रसदीच्या गाड्या हाकल्या. मुळशी तालुक्यातल्या माझ्या आजोळी ते पस्तिशी ओलांडून परत आले आणि एसटीतून उतरल्या उतरल्या मेजर झाले. त्यानंतर दुसऱ्याच वाक्यात विचारणा सुरू झाली, "मेजर, कँटीनमधून एक बाटली मिळेल का?"

मामूंनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण त्यांच्या कोट्याचा हिशेब गावाला तोंडपाठ होता. ते हसून म्हणत, "मेरा कोटा मेरे से पैले गावकूच मालूम!" ज्यांनी बाटलीची मागणी केली त्यांच्यापैकी कुणीही त्यांना लेहमध्ये थंडी किती असते, गाडी दरीच्या कडेला घसरली तर काय करतात, 11 महिने घरी न येता कसे राहता, असे विचारलेले मी ऐकले नाही. आम्ही भाचरेही काही कमी नव्हतो. आम्हाला कँटीनच्या साबणाच्या वड्या आणि सुटकेसचे आकर्षण. जवानाची आणि समाजाची रोजच्या जगण्यात गाठ पडते ती अशी, कँटीनच्या दारात. त्यात वाईट काही आहे असे मी म्हणत नाही. निदान त्यात ओळख असते, हक्काने मागणे असते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. मुलांना सांगते की 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थच छावणी, लष्कराचा तळ. तुर्की भाषेतून आलेला शब्द आहे. हवालदार, सुभेदार, जमादार, शिपाई हे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीत इतके मुरले की हवालदार आणि सुभेदार ही आडनावे दोन्ही समाजांत सापडतात. मुलांना याची गंमत वाटते. मलाही वाटते. पण शब्द एकत्र नांदतात म्हणून माणसेही नांदतात असे नाही, हे मुलांना सातवी-आठवीत कळायला लागलेले असते.

माझी शाळा घाटाखाली माणगावच्या बाजूला आणि आजोळ घाटावर, त्यामुळे ताम्हिणीचा रस्ता माझ्या पायाखालचा. विळे सोडले की चढण सुरू होते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथून एसटी नेणे म्हणजे जत्रेतून बैलगाडी नेणे. पुण्यामुंबईच्या गाड्या धबधब्यासमोर आडव्यातिडव्या उभ्या असतात, गाणी लावलेली असतात, रस्त्यावर काचा पडलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आमची एसटी ताम्हिणी गावाच्या अलीकडे अशीच अडकली. अर्धा तास झाला तसे आम्ही काही जण खाली उतरलो. रस्त्याकडेच्या एका खासगी पार्किंगवर पन्नाशीच्या आतबाहेरचा एक रखवालदार होता. निळा शर्ट, हातात शिट्टी, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. एक गाडी त्याने उताराच्या कडेला लावू दिली नाही. माती सुटली आहे, मागे घ्या, एवढेच तो सांगत होता.

गाडीत चार तरुण होते. मागच्या काचेवर तिरंगा आणि बंदूक घेतलेल्या जवानाचे मोठे चित्र. त्यातला एक उतरून रखवालदाराच्या अंगावर गेला. "ए वॉचमन, तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" इथपासून जे सुरू झाले ते मी इथे लिहीत नाही. तो माणूस शांतपणे पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला: माती सुटली आहे, गाडी मागे घ्या. शेवटी आमच्या कंडक्टरला राहवले नाही. त्यांनी दुरूनच आवाज दिला, "अरे, मेजर आहेत ते! वीस वर्षं फौजेत काढून आलेत."

पुढचे मिनिटभर जे झाले त्याने मी शिव्यांपेक्षा जास्त अस्वस्थ झाले. अंगावर गेलेला मुलगा एकदम बदलला. "सॉरी सर, माहीत नव्हतं सर." त्याने टाच जुळवून सलाम ठोकला. दुसऱ्याने फोन काढला आणि चौघे त्यांच्याभोवती सेल्फीसाठी उभे राहायला लागले. त्या माणसाने हाताने फोन बाजूला केला आणि म्हटले, "आधी गाडी मागं घ्या."

मला विचारावेसे वाटते की त्या मुलांना खरे काय वाटले होते? एका मिनिटापूर्वी तो माणूस शिव्या खाण्याच्या लायकीचा होता, कारण तो वॉचमन होता. मग तो पायाला हात लावण्याच्या लायकीचा झाला, कारण तो फौजी निघाला. मधल्या काळात तो जराही बदलला नव्हता, तेच काम करत होता आणि त्यांचाच जीव वाचवत होता. आपल्याकडे शिपाई, नाईक, हवालदार साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात. मुले शाळेत असतात, घर बांधायचे असते. निवृत्तिवेतन पुरत नाही म्हणून त्यांतले कितीतरी जण रखवालदार होतात. हिंजवडीच्या कंपन्यांच्या फाटकावर, बँकेच्या दारात, एटीएमबाहेर, सोसायटीच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसांत त्यांची संख्या मोठी आहे. सुट्टीवर आलेल्या जवानाचेही तसेच. त्याच्या सुट्टीतले निम्मे दिवस तलाठी आणि तहसील कचेरीत जातात, कारण तो सीमेवर असताना बांध सरकलेला असतो. सातबाऱ्याच्या रांगेत त्याला कुणी पुढे सोडत नाही. सोडायला हवे असेही माझे म्हणणे नाही. पण 26 जानेवारीला ज्याच्यासाठी गळा भरून येतो तोच माणूस 27 तारखेला रांगेत आपल्या पुढे उभा असतो, हे आपल्या गावीही नसते.

ताम्हिणीत जून 2024 मध्ये प्लस व्हॅलीत पाण्यात उडी घेतलेला एक निवृत्त जवान वाहून गेला. ती चित्रफीत माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या गटांतून आली. मी एकाही गटात ती पुढे पाठवली नाही. त्याच्या घरी लहान मूल असेल का, एवढाच विचार मनात आला. पुढच्याच महिन्यात, 25 जुलैच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत, ताम्हिणीत 556 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि लष्कराची तुकडी मदतीला आली. पाण्यात अडकलेल्या माणसाला हात देणारा जवान कोणत्या गावचा, त्याचे नाव काय, हे त्या क्षणी कुणी विचारत नाही. नाव विचारले जाते ते पाणी ओसरल्यावर.

घाट उतरून निजामपूरमार्गे माणगावात गेलात तर तहसील कचेरीच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते याच तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. हा 22 वर्षांचा मुलगा एकटा त्या ठाण्यावर धावून गेला. हातबॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून लढला आणि ठाणे जिंकून तिथेच छातीत-पाठीत गोळ्या लागून गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 च्या जुलैमध्ये इटलीतल्या माँतोने गावात त्यांच्या नावाने स्मारक उभे राहिले. ते सावलीचे घड्याळ आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. कचेरीत दाखल्यासाठी येणारी माझ्या शाळेतली मुले त्या पुतळ्यासमोरून जातात. मी विचारले तेव्हा वर्गातल्या तिघांना नाव माहीत होते.

घाडगे ज्या मराठा पलटणीचे, तिच्याबद्दलची एक गोष्ट मी मुलांना सांगते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जुन्या मराठा पलटणींमध्ये सहा कंपन्या मराठ्यांच्या आणि दोन दखनी मुसलमानांच्या असत. मेसोपोटेमियात कुत अल-अमारा इथे 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या, उपाशी राहिल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेल्या. त्या उपासात आपल्या घाटावरचे आणि घाटाखालचे, दोन्ही प्रकारचे लोक होते.

इथे मला थांबून एक सांगायचे आहे. ही गोष्ट मी इतिहास म्हणून सांगते, पुरावा म्हणून सांगत नाही. आपल्या समाजातल्या सभांमध्ये, लेखांमध्ये एक सवय लागली आहे. विषय निघाला की लगेच यादी सुरू होते: 1965 चे परमवीर अब्दुल हमीद, अमुक शहीद, तमुक ब्रिगेडियर. अब्दुल हमीद यांनी असल उत्तरला रणगाडे उडवले ते कुणाच्या नागरिकत्वाचा दाखला मिळावा म्हणून नव्हे. त्यांच्या शौर्याची अशी पावती फाडून आपण खिशात ठेवतो तेव्हा त्यांचीही किंमत कमी करतो आणि ज्याच्या घरातून कुणीच फौजेत गेले नाही त्या भाजीवाल्याचीही.

पण ही सवय कुठून आली तेही लिहायला हवे. मामूंचा गणवेशातला फोटो आजोळी आतल्या खोलीत, नानीच्या पेटीच्या वर टांगलेला होता. जानेवारी 1993 मध्ये, मुंबई जळत होती त्या आठवड्यात, तो फोटो बाहेरच्या खोलीत आला. दार उघडले की समोर दिसेल असा. कुणी हलवला, का हलवला, यावर घरात एक शब्द बोलला गेला नाही. गावात काही झालेही नाही. शेजारच्या काकूंनी त्या आठवड्यात दोनदा भाकरी आणून दिली. तरी फोटो परत आत गेला नाही.

26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिनाच्या रात्री, पुण्यात चंदननगरला कारगिलमध्ये लढलेल्या एका माजी सैनिकाच्या कुटुंबाच्या घरी जमाव शिरला आणि बांगलादेशी म्हणत कागदपत्रे मागितली, अशी त्या कुटुंबाची तक्रार आहे. पोलिसांचे म्हणणे वेगळे होते. पुढे गुन्हाही दाखल झाला. त्याआधी 2019 मध्ये आसामात सुमारे 30 वर्षे लष्करात काढलेल्या माणसाला परदेशी ठरवून कोठडीत टाकले गेले होते आणि उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर तो बाहेर आला. आणि कर्नल सोफिया कुरैशी तर साऱ्या देशाने पाहिल्या. मार्च 2016 मध्ये इथे पुण्यात, औंधच्या लष्करी तळावर, 18 देशांच्या सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले होते. मे 2025 मध्ये त्या पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा सगळीकडून कौतुक झाले, आणि आठवडाभरात मध्य प्रदेशचा एक मंत्री त्यांना दहशतवाद्यांची बहीण म्हणावे अशा अर्थाचे बोलून गेला. उच्च न्यायालयाला स्वतःहून गुन्हा नोंदवायला सांगावे लागले.

चंदननगरच्या बातमीनंतर पुण्यात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा फोन आला. तिने मामूंच्या डिस्चार्ज बुकाचा फोटो काढून पाठवायला सांगितला. "असू दे फोनमध्ये," म्हणाली. मी मामूंकडे गेले. ते आता थकलेत, ऐकायला कमी येते. कारण सांगितले तेव्हा बराच वेळ बोलले नाहीत. मग पेटीतून पुस्तक काढून दिले आणि म्हणाले, "बेटी, ये पेन्शन के वास्ते था." मी फोटो काढून पाठवला. नाही म्हणायला माझ्याकडे काय होते? ती तिथे दोन मुलांसोबत राहते.

हल्ली पहाटे निजामपूरच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात. त्यांत माझा एक माजी विद्यार्थी आहे, दहावीला मराठीत 80 गुण मिळवलेला. तो मराठे, आदिवासी, बौद्ध, आगरी मुलांच्या घोळक्यात धावतो. धावताना कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. त्याला अग्निवीर व्हायचे आहे. 2022 पासूनच्या या योजनेत चार वर्षे नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जण कायम होतात, बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. हे सगळे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गेल्या महिन्यात एसटी थांब्यावर भेटला तेव्हा मी त्याला घरच्यांचे काय म्हणणे आहे असे विचारले. म्हणाला, अब्बा हो म्हणतात, अम्मी रडते. मग थोडे थांबून त्याने विचारले, "मॅडम, चार वर्षांनी परत आलो तर मला मेजर म्हणतील का?"

मी म्हटले, म्हणतील. कँटीनची बाटलीही मागतील.

"पण मला तर कँटीनच नसेल ना," तो म्हणाला. तेवढ्यात त्याची एसटी आली.