करेल हो तो तेवढं

संमतीच्या घटस्फोटात दोघांनाही एकच घाई असते, एकदाचं सुटायचं. तडजोडीची कलमंही त्याच घाईत लिहिली जातात. 'फ्लॅट पत्नीच्या नावावर करून देण्यात येईल.' कोणत्या तारखेपर्यंत, खर्च कुणाचा, कर्जाचे उरलेले हप्ते कोण भरणार, काही नाही. विचारलं की अशिलाचं उत्तर ठरलेलं, 'करेल हो तो तेवढं.' संसारात ज्याच्या शब्दाचा कधी भरवसा वाटला नाही, त्याच्यावर शेवटच्या कलमात एवढा विश्वास! वकिलीत इतकी वर्षं काढूनही मला यावर हसावं की रडावं कळत नाही.

सामानाच्या यादीत मात्र असा ढिसाळपणा नसतो. एका जोडप्याने माझ्यासमोर चांदीच्या समयांवरून डोकं उठवलं होतं. एक तिच्या माहेरची, दुसरी जोडीला म्हणून सासूबाईंनी घेतलेली. शेवटी वजनासकट एकेक वाटून घेतली. फ्लॅटचं कलम कुणी दुसऱ्यांदा वाचलंसुद्धा नाही.

मग हुकूमनामा हातात येतो, आणि त्याचा फोन लागेनासा होतो. उरते अंमलबजावणीची दरखास्त. ती दाखल करायला बारा वर्षांची मुदत असते आणि कायदाही काही लेचापेचा नाही. तो सहीला येतच नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३४ खाली न्यायालय त्याच्या वतीने दस्त करून देऊ शकतं. पण आधी मसुदा द्या, तो त्याला बजावा, त्याच्या हरकती ऐका. आणि बेलीफ परत येतो तो 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन. भारतात पक्षकाराचे खरे हाल हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच म्हणून ठेवलंय. बँकेची तर गोष्टच वेगळी. तडजोडीवर तिची सही नसते, त्यामुळे कर्जात दोघांची नावं असतील तर हप्ता थकल्यावर ती दोघांनाही धरते.

म्हणून आता माझा हट्ट असतो की दस्त शेवटच्या तारखेआधी, त्याच आठवड्यात नोंदवायचा. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं, तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. घटस्फोटानंतर ते नातंच उरत नाही. यावर त्याच्या वकिलाची शंका रास्त असते, घर नावावर झाल्यावर बाई न्यायालयात फिरकलीच नाही तर? तिने संमती काढून घ्यायची ठरवली, तर हुकूमनाम्यापूर्वी तिला ती काढता येते. म्हणून मधले दिवस कमीत कमी ठेवायचे आणि तडजोडीत ठरलेल्या उरलेल्या रकमेचा डीडी न्यायाधीशांसमोरच द्यायचा. यापलीकडे माझ्याकडेही तोडगा नाही.

अशील बहुतेकदा कुरकुरतेच. 'म्हणजे दुय्यम निबंधकांकडे परत त्याच्या शेजारी बसून फोटो काढायचा? अंगठे द्यायचे?'

हो, काढायचा. कागद नीट वाचून अंगठाही द्यायचा.