७६ म्हणजे थांब

अकरावीला बायफोकल घेतलं की मराठी सुटायची. दोनशे मार्कांचा हा बायफोकल विषय, कॉम्प्युटर सायन्स, द्वितीय भाषेची आणि एका ऐच्छिक विषयाची जागा घेतो. ‘स्कोअरिंग आहे, प्रॅक्टिकलचे मार्क हातचे’ एवढ्या हिशेबावर आमच्याकडे घरोघरी फॉर्म भरले गेले, माझाही. मराठी सुटल्याची हळहळ मला आजही आहे. पण त्या बदल्यात जे मिळालं, ते मार्कांच्या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं.

पहिला पेपर सी प्लस प्लस आणि डेटा स्ट्रक्चर्सचा. टर्बोच्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम चालला की सगळे खूश. दुसऱ्या पेपरला मुलं कंटाळायची, कारण तो होता ८०८५चा. इंटेलने १९७६ मध्ये आणलेला हा आठ बिटांचा मायक्रोप्रोसेसर. चाळीस पिना, पाच फ्लॅग, आणि ए, बी, सी, डी, ई, एच, एल ही रजिस्टरं. माझा जीव जडला तो याच्यावर.

प्रॅक्टिकलला पडदा नसायचा. एक किट, त्यावर लाल आकड्यांची छोटी पट्टी आणि सोळा आकडी पद्धतीची बटणं. दोन संख्यांची बेरीज करायची तर आधी जर्नलमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, मग तक्त्यातून एकेका सूचनेचा कोड शोधायचा: २१, ५०, सी०, ७ई, २३, ८६, २३, ७७, ७६. नऊ बाइट. शेवटचा ७६ म्हणजे ‘हॉल्ट’, थांब. यातला पत्ता सी०५०, पण भरताना आधी ५० आणि मग सी०. धाकटा बाइट पुढे, थोरला मागे. असं का, म्हणून विचारलं तर सर म्हणाले, ‘इंटेलची रीत आहे, आत्ता पाठ कर, पुढे कळेल.’

ते दिवस भारनियमनाचे. बटणं दाबत निम्म्यावर यावं आणि वीज जावी. किटच्या मेमरीतलं सगळं पुसलं जायचं. मग अंधुक उजेडात आम्ही कागदावरच प्रोग्रॅम चालवायचो. रजिस्टरांचे रकाने आखायचे आणि प्रत्येक सूचनेनंतर कुठे काय बदललं ते भरत जायचं. वीज येईपर्यंत उत्तर हातात असायचं आणि नंतर किट तेच उत्तर दाखवायचं. एवढं गुंतागुंतीचं यंत्र, आणि त्याच्या पोटात या क्षणी काय चाललंय ते मला अक्षरन् अक्षर ठाऊक आहे, हा आनंद पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला क्वचितच मिळाला.

नोकरी लागली ती पुण्यात, वीजमीटरच्या फर्मवेअरवर. एकदा मीटर २३० व्होल्ट पाठवत होता आणि पलीकडच्या संगणकावर ५८,८८० दिसत होते. कुणी वायरिंग तपासलं, कुणी सेन्सर बदलला. मी तो आकडा सोळाच्या पद्धतीत मांडला: ई६००. आणि २३० म्हणजे ००ई६. बाइटांची अदलाबदल! मीटर आणि संगणक ज्या मॉडबस पद्धतीने बोलतात, तिच्यात थोरला बाइट आधी जातो, आमचा प्रोसेसर धाकटा आधी ठेवणारा. सरांचं ‘पुढे कळेल’ ते हे. संध्याकाळी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनाही मनापासून आनंद झाला.

इतका जुना प्रोसेसर आजच्या मुलांना कशाला, असं मी नेहमी ऐकते. मला हे पटत नाही. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीत याच ८०८५चा भाऊ, ८०सी८५, होता. पण माझा मुद्दा त्याच्या पराक्रमाचा नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला एक तरी यंत्र तळापर्यंत दिसलं पाहिजे. आजचा प्रोसेसर कागदावर मावत नाही, ८०८५ मावतो. सिम्युलेटरवर शिकवा, हरकत नाही, पण रकाने हातानेच भरू द्या.

भाचा यंदा बारावीला आहे, त्यानेही बायफोकल घेतलंय. परवा आम्ही तीच नऊ बाइटांची बेरीज सोडवत बसलो होतो. ७६ पाशी आल्यावर त्याने विचारलं, ‘मावशी, थांबला की मग संपलंच का सगळं?’ म्हटलं, नाही रे, इंटरप्ट आला की तो पुन्हा जागा होतो, तोवर स्वस्थ राहतो. मग त्याने शोधून काढलं की त्याच्या लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरमध्येही ‘हॉल्ट’ आहेच, फक्त कोड एफ४, आणि हाताला काम नसलं की ऑपरेटिंग सिस्टिम ती सूचना वापरून प्रोसेसरला विसावा देऊ शकते. आता त्याला इंटरप्ट नीट समजून घ्यायचेत. रविवारी बसणार आहोत.