घरातलं दुखणं सुरात येतं तेव्हा

धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या एकोडीच्या आसपासच्या गावांत मंडई भरते, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट रंगतो आणि रात्री नाटक लागतं. या झाडीपट्टीचं नाटक संपतं ते तांबडं फुटता फुटता. ऑर्गन-तबल्याच्या साथीनं नट स्वतः गातात. नायिकेनं दुःखाचं पद धरलं की खाली बसलेल्या बायांचे पदर डोळ्यांकडे जातात. आपल्या घरात तोंड दाबून रडणारी बाई इथं चारचौघांत मोकळी होते. गाण्याचं हे देणं मला फार मोठं वाटतं.

‘एकच प्याला’ या संगीत नाटकातली सिंधू आठवा. नाटककार गडकरी सावनेरला जानेवारी १९१९ मध्ये वारले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची. नवरा दारूनं बुडत चाललेला, घरात दाणा नाही, आणि ही तान्ह्याला घास भरवताना गाते आहे. व्यसन हाही मनाचा आजार, असं आज डॉक्टर सांगतात. गाणाऱ्या सिंधूला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

२००९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेलं ‘नेक्स्ट टू नॉर्मल’ हे संगीत नाटक याच जातीचं. संगीत टॉम किटचं, गीतं आणि संहिता ब्रायन यॉर्कीची. डायना या आईचं बाळ तान्हेपणीच गेलेलं. तिला मात्र तो तरणाताठा मुलगा घरात वावरताना दिसतो, गाताना ऐकू येतो. गोळ्या होतात, विजेचे झटके होतात, तिची स्मृती पुसली जाते. मला चटका लावतो तो बाप. इतकी वर्षं तो बायकोला सावरत राहिला, पण मुलाचं नाव त्यानं ओठांवर येऊ दिलं नाही. ती घर सोडून गेल्यावर शेवटी तो त्याला नावानं हाक मारतो. आजारी एकटी तीच नव्हती.

आपल्याकडे अशा आईला ‘बाहेरचं झालं’ म्हणतात, अंगारा लावतात, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतात. रंगमंचावरही वेड आलं की बहुतेकदा हशासाठीच येतं. झाडीपट्टीच्या लेखकांनो, येत्या हंगामात त्या आतल्या खोलीतल्या बाईला एक पद द्या, आणि तिच्या मुक्या नवऱ्यालाही. आणि ज्यांच्या घरी अशी खोली आहे त्यांनी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर लिहून ठेवावा. फोन फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.