दादीचा प्रश्न

आम्ही पती-पत्नी एकाच मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. बाष्पीभवनाचा धडा आला की वर्षानुवर्षे फळ्यावर एकच वाक्य लिहायचो : माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. मुले ते पाठ करत. आम्हाला वाटे, समजले.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत आधीच राबवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा आम्हालाही हुरूप आला. व्हिडिओ लावला की वर्ग शांत बसे. पण चाचणीत उत्तरे तीच पाठ केलेली. मग ठरवले, व्हिडिओ मुलांनीच करायचा. चौघांचा गट, घरातला एक मोबाइल, तीन मिनिटे. अट एकच : शाळेत न गेलेल्या माणसालाही तो कळला पाहिजे.

वर्गातली एक मुलगी घरी दखनी बोलणारी. मराठीत चुकू या भीतीने वर्गात तोंड उघडत नसे. तिच्या गटाने तिच्या दादीचा माठ निवडला. पुस्तकातले वाक्य तिने घडाघड म्हटले, तेवढ्यात बाजूने दादीचा आवाज आला : "फिर पुराना मटका पानी ठंडा कायकू नै करता?" मुलगी गप्प. गटाने तो भाग कापला नाही.

वर्गात तो पाहताना आम्हीही गप्प झालो. हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवा माठ, बाहेरून ऑइलपेंट लावलेला माठ आणि स्टीलची कळशी शेजारी ठेवली. दुपारी गार पाणी नव्या माठातच होते. रंगाने छिद्रे बंद झाली, तशीच जुन्या माठाची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, हे मुलांनीच जुळवले. पावसाळ्यात हवा आधीच दमट, म्हणून तेव्हाही माठ तितका गार करत नाही, हे त्या मुलीने सांगितले. निम्मे दखनीत, निम्मे मराठीत. आम्ही भाषा दुरुस्त केली नाही. गटाने व्हिडिओ नव्याने केला आणि दादीला पटेपर्यंत पुन्हा पुन्हा केला.

मग चूक आमच्याकडून झाली. कौतुकाच्या भरात तो व्हिडिओ न विचारता पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. संध्याकाळी तिचे अब्बू आले. आवाज न चढवता म्हणाले, "सर, मॅडम, एकदा विचारायला हवे होते." आम्ही माफी मागितली, व्हिडिओ काढला. आता ती पुन्हा गप्प होणार, या विचाराने मन खट्टू झाले. पण जाताना दारात थांबून ते म्हणाले, "चेहरा नको. हात दिसू द्या, आवाज येऊ द्या." तेव्हापासून आधी पालकांची संमती, चेहरा दाखवण्याची सक्ती नाही आणि व्हिडिओ वर्गाबाहेर नाही, असा आमचा नियम आहे.

पालकहो, मूल अभ्यासाच्या व्हिडिओसाठी मोबाइल मागेल तेव्हा थोडा वेळ त्याच्यासमोर बसा. दादीसारखा एखादा साधा प्रश्न विचारा. उत्तर आले नाही, तर त्याला तो प्रश्न घेऊन शाळेत पाठवा. आम्ही वाट पाहतो आहोत.