मूळ वस्तू आणि तिचा प्रतिनिधी

‘प्रॉक्सी’ हा शब्द आम्हांला प्रथम भेटला तो महाविद्यालयाच्या हजेरीपटाशी. गैरहजर मित्राच्या नावाला आपण ‘हजर’ म्हणायचे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे जावास्क्रिप्टच्या २०१५ सालच्या प्रमाण आवृत्तीत तोच शब्द दिसला तेव्हा हसू आले.

एका वयोवृद्ध सरांसाठी आम्ही हस्तलिखितांतील पाठभेद टिपण्याचे छोटेसे साधन ‘व्ह्यू’च्या तिसऱ्या आवृत्तीत रचले होते. ओवीखाली नोंद लिहून बटण दाबले की ती यादीत यावी. सरांनी नोंद लिहिली, बटण दाबले, यादी कोरीच. पुन्हा लिहिली. तिसऱ्यांदाही लिहिली. “माझंच काही चुकत असेल, या वयात हे जमायचं नाही,” असे म्हणून त्यांनी वही ओढली. उठता उठता ओवीपुढे ‘तपासली’ अशी खूण केली मात्र, आणि तिन्ही नोंदी एकाखाली एक उमटल्या!

चूक आमची होती. कार्यक्रमाची त्या क्षणीची सारी माहिती, जिला त्या परिभाषेत ‘स्टेट’ म्हणतात, ती एका साध्या वस्तूत राहते. व्ह्यू तिच्यापुढे प्रॉक्सी, म्हणजे एक प्रतिनिधी, उभा करतो. पडद्याच्या कोणत्या भागाने काय वाचले हे तो टिपतो आणि त्यात बदल झाला की त्या भागाला वर्दी देतो. मजकूर मात्र तो स्वतःजवळ ठेवीत नाही. आम्ही नोंदी त्याला डावलून थेट मूळ वस्तूत घातल्या. त्या जशाच्या तशा साठल्या. वर्दी कोणालाच गेली नाही. खुणेचा बदल प्रतिनिधीमार्फत झाला, पडदा नव्याने रेखाटला गेला आणि दडलेले सारे दिसू लागले.

दुसऱ्या आवृत्तीत ही चूक घडलीच नसती. तेथे मूळ वस्तूच्याच प्रत्येक गुणधर्मावर पहारा बसे. मागाहून जोडलेला गुणधर्म तेवढा नजरेतून सुटे आणि त्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागे. २०२० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ती अडचण दूर केली, पण एका वस्तूच्या दोन केल्या. मूळ आणि प्रतिनिधी एकच आहेत का, असे काटेकोर तुलनेने विचारले तर उत्तर नकारार्थी येते.

आम्ही मुळाकडे का धावलो, याचा विचार करताना जाणवले की ही आमची जुनी खोड. साहित्याच्या वर्गात तेच शिकलो: टीकाकार, संपादक, नकलकार या मध्यस्थांवर विसंबू नये, मूळ संहिता गाठावी. तो संस्कार आम्ही आजही सोडणार नाही. येथे मात्र त्यानेच सरांना स्वतःविषयी शंका घ्यायला लावली, ही रुखरुख राहिली.

क्षमा मागून आम्ही जादा नोंदी पुसू लागलो, तर सरांनी हात धरला. तिन्हींची शब्दयोजना थोडी थोडी वेगळी होती. तिसरीत आलेले ‘बहुधा’ पहिलीत का नव्हते, हे त्यांना पाहायचे होते.